ओल्ड वेदर्सफील्डमधलं जुनं घर: दार एक सांगतं, सांगाडा दुसरंच

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या रॉकी हिलला भाड्याने राहणारं एक मराठी जोडपं आहे, दोन लहान मुलं, आई वर्षातले ६ महिने इथे असतात, आणि त्यांना शेजारच्याच ओल्ड वेदर्सफील्डमध्ये एक घर मनापासून आवडलंय. लिस्टिंगमध्ये लिहिलंय '१७६० चं कोलोनियल'. एजंट म्हणतो जॉर्जियन आहे, शेजारच्या आजी म्हणतात फेडरल, आणि पुढच्या पोर्चचे खांब बघून ऑफिसमधलं कुणीतरी म्हणालं हे तर ग्रीक रिव्हायव्हल, म्हणजे तिघांनी तीन वेगवेगळ्या काळांतल्या बांधणीच्या स्टाईल सांगितल्या. मग घर नक्की कुठल्या स्टाईलचं, १७६० हे साल खरं का, आणि मुख्य म्हणजे घ्यावं का नाही. सोबत २२ फोटो पाठवलेत, ते सगळे मी दोनदा बघितले.

मी गेली १९ वर्षं कनेक्टिकट नदीच्या या पट्ट्यात जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करतोय, त्याआधी वाई आणि सासवडला वाड्यांच्या कामावर होतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्हाला सांगणाऱ्यांपैकी कुणीच चुकलेलं नाही, फक्त प्रत्येकजण घराच्या वेगळ्या भागाकडे बघून बोलतोय. एजंट बोलतोय ते समोरच्या भिंतीबद्दल, म्हणजे मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना मोजून मापून खिडक्या. आजी बोलतायत दाराबद्दल, त्याच्यावरच्या अर्ध्या चकतीसारख्या काचेबद्दल. ऑफिसमधला माणूस पोर्चबद्दल. आणि 'कोलोनियल' हा शब्द तर इथले रिअल इस्टेटवाले दुमजली, दुपाखी छपराच्या कुठल्याही घराला लावतात, ते १७३० चं असो नाहीतर १९८५ चं, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच कळत नाही, तो सोडूनच द्या. स्टाईल ही घराने अंगावर घातलेल्या कपड्यांसारखी असते, प्रत्येक पिढीने आपापल्या काळाप्रमाणे बदललेली. वय शोधायचं तर तळघरात आणि माळ्यावर जावं लागतं.

हे नीट समजायला तुम्हाला पुस्तक वाचायची गरज नाही कारण तुम्ही राहता तिथून दहा मिनिटांवर मेन स्ट्रीटवर तीन घरं ओळीने उभी आहेत, वेब, डीन आणि स्टीव्हन्स, तिन्ही मिळून एकच म्युझियम आहे. एका शनिवारी सगळे जाऊन या, आईंनाही न्या.

वेब हाऊस १७५२ चं. जोसेफ वेब हा व्यापारी, त्याची जहाजं वेस्ट इंडीजला जायची. रस्त्याच्या पलीकडून बघा, मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, आणि वर ते दोनदा मोडलेलं छप्पर, म्हणजे खालचा उतार एकदम तीव्र आणि वरचा सपाटसा, त्याला गॅम्ब्रेल म्हणतात, त्यामुळे माळ्यावर माल ठेवायला जागाच जागा. ही जॉर्जियन विचाराची रीत, की घराचा चेहरा सरळ रेघेत हवा, डावं उजवं जुळायला हवं, आत काय चाललंय ते नंतर. याच घरात मे १७८१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन उतरला आणि फ्रेंच सेनापती रोशांबोबरोबर बसून पुढच्या मोहिमेची बोलणी केली. तो ज्या खोलीत झोपला तिथला लाल मखमली उठावाचा वॉलपेपर अजून भिंतीवर आहे. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ तिथून हललोच नाही, कागद आहे हो शेवटी, इतके हिवाळे आणि उन्हाळे काढलेत त्याने.

जोसेफ वेब १७६१ मध्ये वारला. त्याच्या विधवेचं, मेहिटेबलचं, कामकाज बघणारा तरुण वकील सायलस डीन, त्याने १७६३ मध्ये तिच्याशी लग्न केलं आणि पुढे १७७० च्या सुमाराला शेजारीच स्वतःचं घर बांधलं. हाच डीन पुढे १७७६ मध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून फ्रान्सला गेला. आता हे घर वेब हाऊसच्या इतकं जवळचं, पण याचा चेहरा सारखा नाही, दार एका अंगाला आणि आत भलामोठा जिन्याचा हॉल, कारण याला पाहुण्यांवर छाप पाडायची होती. आणि तिसरं घर आयझॅक स्टीव्हन्सचं, १७८८-८९ चं, तो चामड्याचं काम करणारा कारागीर. घर आटोपशीर, खोल्या साध्या, लाकूडकाम गरजेपुरतं. तीन घरं, चाळीसेक वर्षांचं अंतर, पण पैशाचं अंतर त्याहून जास्त, आणि हे लक्षात ठेवायचं की गरीब घर नेहमी श्रीमंत घराच्या एक पिढी मागे असतं, म्हणून नुसत्या स्टाईलवरून साल काढायला गेलात की फसता.

मग ब्रॉड स्ट्रीटच्या हिरवळीकडे चालत जा. तिथे बटॉल्फ-विल्यम्स हाऊस आहे, काळपट फळ्यांचं, लहान खिडक्यांचं, वरचा मजला खालच्याच्या किंचित पुढे आलेला. हे बघून कुणीही म्हणेल १६०० च्या शतकातलं आहे, आणि कित्येक वर्षं त्याचं साल १६९२ च सांगितलं जायचं. नंतर अभ्यासकांनी ते १७११ वर आणलं. म्हणजे बांधणारा सुतार आपल्या बापाच्या पद्धतीनेच घर उभारत होता आणि तिकडे बॉस्टनला नवी फॅशन येऊ लागली होती. म्युझियम असलेल्या, डझनभर तज्ज्ञांनी तपासलेल्या घराचं साल १९ वर्षांनी सरकतं तर तुमच्या लिस्टिंगमधल्या १७६० चं काय घेऊन बसलात.

आता ही घरं या एका गावात एवढी का टिकली हेही सांगतो कारण त्याचा तुमच्या घराशी संबंध आहे. वेदर्सफील्ड १६३४ मध्ये वसलं, नदीकाठची गाळाची जमीन, आणि १७०० च्या शतकात इथला लाल कांदा प्रसिद्ध होता. आपल्या लासलगावसारखं समजा. कांद्याच्या माळा विणून जहाजात भरायच्या आणि वेस्ट इंडीजला पाठवायच्या, शेतात राबायच्या जास्त करून बायका आणि मुली. १७६१ ते १७६४ मध्ये बांधलेलं विटांचं चर्च अजून उभं आहे, गावात सांगतात की कांद्याच्या पैशावर बांधलं, १७७४ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स त्याच्या मनोऱ्यावर चढला होता आणि तिथून दिसणाऱ्या नदीच्या देखाव्याचं त्याने डायरीत तोंडभरून कौतुक केलंय. पण तो कांदा जायचा कुठे, तर उसाच्या मळ्यांवर, जिथे गुलाम राबायचे, आणि तिकडून साखर, रम, मोलॅसिस यायचं. वेदर्सफील्डच्या मोठ्या घरांतही गुलाम होते. कनेक्टिकटमध्ये गुलामी पूर्ण बंद झाली ती १८४८ मध्ये. त्या सुंदर दारांच्या आणि कोरीव कॉर्निसच्या मागे हा पैसा आहे, मी हे प्रत्येक घरमालकाला सांगतो, घर आवडावं आणि हेही माहीत असावं. १८३० च्या दशकात कांद्यावर रोग पडला आणि तो धंदा बसला, पुढे बियाणांचा व्यवसाय चालला पण गाव शेजारच्या हार्टफर्ड शहरासारखं भसाभस वाढलं नाही. माझ्या मते म्हणूनच घरं वाचली. ज्या गावात पैसा थांबत नाही तिथे लोक जुनं पाडून नवं बांधतात, जिथे पैसा थोडा थांबतो तिथे जुन्यालाच पोर्च लावतात, दार बदलतात, आणि पुढे जातात. तुमच्या घरात नेमकं हेच झालेलं दिसतंय.

तर आता तुमचे फोटो. फोटो ४ मध्ये छपराच्या मधोमध एकच जाडजूड चिमणी दिसते. हे फार महत्त्वाचं. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी इथली थंडी बघून चिमणी घराच्या पोटात घातली, तिच्या तीन बाजूंना तीन चुली, म्हणजे एकाच दगडी गाभ्यावर सगळं घर ऊब घेतं. अशा घरात पुढचं दार उघडलं की समोर चिमणीची भिंतच येते, तिथे चार फुटांचा चौक आणि चिमणीला चिकटून वळत वर गेलेला अरुंद जिना. फोटो ७ मध्ये तोच जिना आहे. श्रीमंत जॉर्जियन घरात मधून सरळ बोळ काढायचा म्हणून चिमणी दोन ठिकाणी विभागली गेली, पण या खोऱ्यातले साधे लोक १८०० उजाडेपर्यंत मधली चिमणीच बांधत राहिले. म्हणजे सांगाडा जुन्या पद्धतीचा आहे, १७६० शक्य आहे, १७३० ही शक्य आहे, १७९० ही.

फोटो ९, मागची बाजू. छप्पर मागे लांब उतरत पार खाली आलंय, याला सॉल्टबॉक्स म्हणतात, भिंतीवर टांगायच्या मिठाच्या लाकडी डब्याच्या आकारावरून. आपल्याकडे घराला मागे पडवी काढतात तोच प्रकार. इंग्लंडच्या राणी ॲनने दुमजली घरांवर टॅक्स लावला म्हणून मागे एकमजली ठेवलं अशी गोष्ट तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका, खरं कारण स्वयंपाकघराला जागा पाहिजे होती एवढंच. बघायचं हे की ती पडवी घराबरोबरच बांधली का नंतर जोडली. माळ्यावर जा, पुढचे वासे आणि मागचे वासे बघा, मागचा वासा एकसंध लांब असेल तर बरोबरच बांधली, आणि अर्ध्यावर दुसरा वासा वेगळ्या उताराने टेकवलेला असेल, बाहेरून तिथे छपराला किंचित मोड दिसत असेल, तर नंतरची. तुमच्या फोटोत मला मोड दिसतोय असं वाटतं पण बर्फामुळे खात्री नाही.

दार नक्कीच फेडरल. वरची अर्धगोल काच आणि बाजूला उभ्या काचा, नाजूक पट्ट्या, हे सगळं अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतरचं, साधारण १७९० ते १८२० मधलं. या काळात गावोगावचे सुतार छापील नमुने बघून काम करायला लागले होते. आशर बेंजामिन नावाच्या सुताराने १७९७ मध्ये याच नदीवर वरती ग्रीनफील्डला बांधकामाचं पुस्तक छापलं, अमेरिकन माणसाने स्वतः लिहिलेलं त्या प्रकारचं ते पहिलंच, आणि मग खेड्यातल्या सुतारालाही कळायला लागलं की पंख्यासारखी काच कशी आखायची. पोर्च त्यानंतरचा, १८३० ते १८५० मधला असावा, तेव्हा ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे आणि लोकशाहीच्या कौतुकामुळे इथे सगळ्यांना देवळासारखे खांब हवे होते, घरं पांढरी रंगवायची सवयही त्याच काळात पक्की झाली. त्याआधीची घरं लाल, पिवळसर, करडी, नाहीतर बिनरंगाची असायची, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. आणि खिडक्या मात्र जोडीजोडीने आहेत, तशा दोन खिडक्या एकत्र कुणी १८ व्या शतकात लावत नव्हतं, त्या बहुतेक १९१०-३० च्या, १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनानंतर जुन्या काळाचं जे वेड लागलं त्या कोलोनियल रिव्हायव्हलच्या. वेब हाऊसचंही तसंच झालं, जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या वॉलेस नटिंग या फोटोग्राफरने १९१६ मध्ये ते घर घेतलं आणि जुना काळ दाखवायला भिंतींवर नवीन चित्रं रंगवून घेतली, आता ती चित्रंच शंभर वर्षांची झाली.

तेव्हा स्टाईल विचाराल तर मी लिहीन, मधल्या चिमणीचं १८ व्या शतकातलं घर, दार फेडरल, पोर्च ग्रीक रिव्हायव्हल, खिडक्या नंतरच्या. याच्यात कमीपणा काहीच नाही. मेन स्ट्रीटवर म्युझियमच्या जवळच हर्लबट-डनहॅम हाऊस आहे, १७९० च्या दशकातलं विटांचं घर आणि त्यावर १९ व्या शतकात चढवलेले इटालियन धर्तीचे पोर्च, ते बघा, दोन्ही काळ एकमेकांना कसे शोभतात.

आता १७६० चा पुरावा. पहिलं काम, टाऊन हॉल. कनेक्टिकटमध्ये जमिनीची खरेदीखतं काउंटीत नाही तर गावाच्या क्लार्ककडे असतात आणि ती कुणालाही बघता येतात. आजच्या मालकापासून एकेक खत मागे मागे जायचं. गोची अशी की सगळ्यात जुनं खत हे जमिनीचं असतं, घराचं नाही, आणि घरावर लावलेल्या पाट्यांवरची निम्मी सालं अशीच जमिनीच्या खतावरून आलेली असतात. तुम्ही बघायचं की 'त्यावरील राहत्या घरासह' असा शब्द पहिल्यांदा कुठल्या खतात येतो, आणि किंमत अचानक कुठे उडी मारते. त्या दोन खतांच्या मध्ये घर बांधलं गेलं.

दुसरं काम घरातच. खिळे. हाताने घडवलेल्या खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच ठोके दिसतात, फुलाच्या पाकळ्यांसारखे, ते साधारण १८०० पर्यंतचे. मग मशीनने पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे. आणि आपण वापरतो ते गोल तारेचे खिळे १८९० च्या आसपास सर्रास झाले. पण खिळा मूळ जागचा पाहिजे, जुनी फळी नव्या खिळ्याने पुन्हा ठोकलेली असते किंवा उलटं. मग करवतीच्या खुणा, तळघरात जमिनीखालच्या फळ्यांवर बघा, सरळ समांतर रेघा असतील तर पाण्यावर चालणारी वर-खाली करवत, कमानीसारख्या वाकड्या रेघा असतील तर गोल करवत, ती इथे साधारण १८३० नंतर. भिंतीचा गिलावा कुठे फुटला असेल तर आतली पट्टी बघा, जुन्या काळी पातळ फळी कुऱ्हाडीने चिरत चिरत ताणून उघडायचे. मोठ्या चुलीत पाव भाजायची भट्टी मागच्या भिंतीत असेल तर जुनी रीत, बाजूला पुढे आणलेली असेल तर १८ व्या शतकाच्या मध्यानंतरची. कुठलीही एक खूण पुरेशी नाही, चार-पाच एकाच काळाकडे बोट दाखवायला लागल्या की मग बोलायचं.

आणि माळ्यावरच्या सांध्यांच्या खुणा. हे मला सगळ्यात प्रिय. त्या काळी सगळी चौकट जमिनीवर आडवी मांडून, प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदाराशीच जुळेल असा तासायचे, एका खाचेत दुसऱ्याची जीभ बसायची नाही. म्हणून उभारताना घोटाळा नको म्हणून दोन्ही लाकडांवर पटाशीने रोमन आकडे खोदायचे. चार म्हणजे चार उभ्या रेषा, घड्याळावर असतात तशा. आपल्याकडेही सुतार तुळईवर अशा खुणा करतात, वाईला एका वाड्याच्या दुरुस्तीत आम्ही अशाच खुणा बघून तुळया परत होत्या तिथे चढवल्या होत्या. इथे १८१०-२० नंतर सगळे सांधे एका मापाचे करायची पद्धत आली आणि हे आकडे हळूहळू गेले. तुमच्या माळ्यावर ते सापडले तर सांगाडा त्याआधीचा. अगदी नेमकं साल हवं असेल तर ओकच्या तुळईतून पेन्सिलीएवढी बारीक नळी काढून वर्षवलयं मोजतात, मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमच्या फेअरबँक्स हाऊसचं वय असंच निघालं, १६३७ ते १६४१, उत्तर अमेरिकेतलं शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं लाकडी सांगाड्याचं घर. पण तुम्हाला घर घ्यायच्या आधी हा खर्च करायची गरज नाही.

आता घ्यावं का. इथे जरा कडक बोलतो.

लेड पेंट असणारच, हे धरून चाला. घरांच्या रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, तुमच्या घरावर त्याआधीचे कितीतरी थर आहेत. तुमची धाकटी २ वर्षांची आहे. जिथे लाकूड लाकडावर घासतं, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आणि दारांच्या कडा, तिथे बारीक धूळ पडते आणि तीच मुलांच्या हातातून पोटात जाते. टेस्ट करून घ्या, सर्टिफिकेट असलेला माणूसच कामाला लावा, आणि ते काम होईपर्यंत मुलांना घेऊन राहायला जाऊ नका. यावर मी तडजोड करत नाही.

दुसरं, सिल, म्हणजे दगडी जोत्यावर चारही बाजूंनी आडवी टाकलेली तुळई, जिच्यावर सगळं घर उभं. बाहेर माती चढत गेली, झाडं लावली, की ती कुजते. तळघरात स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि टोचा, अर्धा इंचाच्या पुढे सहज गेला तर दुरुस्ती आलीच. होते दुरुस्ती, जॅक लावून घर पाव-पाव इंच उचलून नवीन ओक घालतात, पण खर्च मोठा, तो किमतीत कापून मागा.

तिसरं चिमणी, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगतो. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एका घराच्या चिमणीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून दिल्या, मालकाला घाई होती, मलाही, आणि सिमेंट पक्कं म्हणून मी खुश. तीन हिवाळ्यांत विटांचे चेहरे गळून खाली पडायला लागले. जुनी वीट मऊ असते, ती चुन्याच्या दरजांतून पाणी बाहेर टाकते, सिमेंटने तो रस्ता बंद केला की पाणी विटेतच थांबतं, गोठतं, फुगतं आणि वीट फोडतं. वाईला चुन्याच्या घाणीवर उभं राहून मी हेच शिकलो होतो आणि तरी विसरलो. चिमणीचा वरचा भाग मी स्वखर्चाने परत बांधून दिला. तेव्हा फोटो १३ मधल्या त्या पांढऱ्या-करड्या कडक दरजांकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, आणि चिमणीत आत लायनर, म्हणजे धूर नेणारी आतली नळी, बसवल्याशिवाय एकही चूल पेटवू नका.

वायरिंगमध्ये जुनी पोर्सिलेनच्या बोंडांवरची तार कुठे चालू असेल तर होम इन्शुरन्सवाले नाही म्हणू शकतात, म्हणून ऑफर द्यायच्या आधी कोट घ्या. प्लंबिंग, बॉयलर हे नेहमीसारखंच, जो चांगला इन्स्पेक्टर असेल तो सांगेल.

खिडक्यांबद्दल मात्र भांडून सांगेन. एजंट म्हणेल बदलून टाका, व्हिनाइलच्या लावा. जोडीच्या खिडक्या सोडून मागच्या बाजूला फोटो १७ मध्ये तीन खिडक्या आहेत, लहान लहान तावदानं, काचेत लाटा दिसतायत, त्या मला जुन्या वाटतात. त्यातलं पाइन संथ वाढलेल्या जंगलातलं, रेघा इतक्या दाट की आज तसं लाकूड विकत मिळत नाही. पुट्टी काढून परत भरा, दोऱ्या बदला, बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे जादा काचेची खिडकी, लावा, थंडी बऱ्यापैकी अडते. नवीन खिडकी वीस-पंचवीस वर्षांत टाकावी लागते आणि ही दोनशे वर्षं चाललीय. उष्णता जास्त जाते ती माळ्यातून, तिथे इन्सुलेशन आधी करा. आणि भिंतींत फोम भरायची घाई नको, ही घरं श्वास घेतात, आत ओल अडकली की चौकट कुजते.

नियमांची भीती वाटते असं लिहिलंय. ओल्ड वेदर्सफील्ड हे लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे रस्त्यावरून दिसणारं बाहेरचं काही बदलायचं असेल, खिडकी, दार, छप्पर, कुंपण, तर त्या डिस्ट्रिक्टच्या कमिशनची मंजुरी लागते. आतलं काहीही तुम्ही करू शकता, त्यांचा संबंध नाही. आणि कनेक्टिकटच्या कायद्यात रंग कुठला लावायचा हे कमिशनच्या हातात ठेवलेलंच नाही, घर जांभळं केलंत तरी चालेल, करू नका एवढीच विनंती. नॅशनल रजिस्टर, म्हणजे देशभरातल्या ऐतिहासिक वास्तूंची यादी, हे वेगळं, त्यात नाव असणं म्हणजे मान, स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या मालकावर त्याने बंधन येत नाही. उलट राज्याची जुन्या घरांसाठी ३० टक्क्यांपर्यंतची टॅक्स क्रेडिट योजना आहे, अटी आहेत, काम सुरू करायच्या आधी अर्ज करावा लागतो, राज्याच्या प्रिझर्व्हेशन ऑफिसला फोन करून विचारा.

आईंनी छताची उंची बघून नाक मुरडलं असं तुम्ही लिहिलंय. खरंय, सात फूट, आणि मधली तुळई अजून खाली. पण त्यांना एकदा त्या मोठ्या चुलीसमोर नेऊन बसवा. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा वेदर्सफील्डच्याच एका घराच्या स्वयंपाकघरात उभी राहिली, चुलीच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, इथे जाळ करणारी बाई डावखुरी होती बघ, सगळी झीज डाव्या बाजूला आहे. मी त्या घरात चार महिने काम करत होतो, मला ते दिसलं नव्हतं.

माझं मत, सिल आणि चिमणीचा खर्च धरून किंमत खाली येत असेल आणि पहिली ३ वर्षं दर उन्हाळ्यात एक मोठं काम करायची तयारी असेल तर घ्या. पोर्च पाडून घर 'मूळ १७६० सारखं' करायचा विचार फक्त डोक्यातून काढा, तो पोर्च पावणेदोनशे वर्षं त्या घराचा आहे. पुढच्या वेळी पाऊस पडत असताना जा, गळतं कुठे ते तेव्हाच दिसतं. माळ्यावर वाशांच्या जोडाजवळ टॉर्च लाकडाला चिकटवून आडवा धरा, समोरून उजेड मारला तर खुणा दिसत नाहीत, आडवा धरला की सावलीने वर येतात. उभ्या रेषा सापडल्या तर त्यांचा आणि जवळच्या एका खिळ्याचा फोटो पाठवा, मी त्याच रात्री बघतो.